ब्रिटनमधल्या छोट्या किचनसाठी परवडणारा ड्रायर: आधी पाणी कुठे जाणार ते ठरवा

ऑक्टोबर उजाडला की ब्रिटनमधल्या मराठी घरांत चकलीच्या भाजणीबरोबर आणखी एक विषय निघतो: कपडे वाळत नाहीत, ड्रायर घ्यायचा का, आणि घेतला तर ठेवायचा कुठे. इथे वॉशिंग मशीन किचनमध्ये असतं, कारण बाथरूममध्ये साधा सॉकेट बसवण्यावर विजेच्या नियमांची कडक बंधनं आहेत. त्यामुळे ड्रायरही बहुतेक किचनमध्येच येतो. एक-दोन बेडरूमच्या फ्लॅटात ओट्याखाली ओव्हन, फ्रिज आणि वॉशिंग मशीन बसलं की जागा संपते. हा लेख अशा घरांसाठी आहे, जिथे जागाही बेताची आणि पैसेही.

दुकानात किंवा वेबसाइटवर तुम्हाला किलो, प्रोग्रॅम आणि ॲप यांबद्दल भरभरून सांगतील. मला कोणी विचारलं तर मी आधी वेगळंच विचारते: कपड्यांतलं पाणी शेवटी कुठे जाणार आहे? वॉशिंग मशीनने मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पिळलेल्या सुती कपड्यांतही कोरड्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं. पाच किलोच्या धुण्यात अडीच लिटर. रेडिएटरवर आणि खुर्च्यांच्या पाठींवर कपडे टाकले की हे पाणी खोलीच्या हवेत जातं, रात्री थंड काचेवर जमतं आणि कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. ड्रायरचे सगळे प्रकार म्हणजे हे अडीच लिटर पाणी घराबाहेर काढायचे वेगवेगळे मार्ग. वीजबिल, जागा, घरमालकाची परवानगी, सगळं त्यावरच ठरतं.

पहिली पायरी: ड्रायर लागेलच का?

आहे त्या वॉशिंग मशीनचा पिळण्याचा वेग आधी बघा. सुरकुत्या पडतात म्हणून बरेच जण तो ८०० किंवा १००० वर ठेवतात आणि मग कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात. टॉवेल, चादरी, जीन्स, मोजे यांना १४०० चालतं. पिळून निघालेलं पाणी जवळजवळ फुकटात जातं. तेच तापवून उडवायचं तर लिटरमागे ०.६५ ते ०.७ युनिट एवढी उष्णता लागते. ही उष्णता कोणत्याच कंपनीच्या यंत्राला चुकत नाही. काही यंत्रं ती परत परत वापरतात, एवढाच फरक, आणि त्याबद्दल पुढे येईलच.

दुसरा पर्याय म्हणजे डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र, आणि घडीचा स्टँड. एक छोटी खोली, दार बंद, स्टँडवर विरळ टाकलेले कपडे आणि शेजारी डीह्युमिडिफायर: सहा-आठ तासांत बहुतेक कपडे वाळतात आणि साधारण दीड युनिट वीज जाते. यंत्र दीडशे पाउंडांच्या आसपास मिळतं, कपाटामागची बुरशीही आटोक्यात येते आणि घर बदलताना उचलून नेता येतं. दोघांचं घर असेल आणि आठवड्याला दोनच धुणी निघत असतील, तर मी ड्रायर घ्या असं सांगणारच नाही. विजेवर तापणारे स्टँडही मिळतात. त्यांची वीज कमी असते, पण पाणी तुमच्या हवेतच सोडतात. सोबत डीह्युमिडिफायर किंवा उघडी खिडकी नसेल तर बुरशीचा प्रश्न आहे तिथेच राहतो.

ड्रायर खरा उपयोगी पडतो तो बाळ असलेल्या घरात, आई-बाबा सहा महिन्यांसाठी राहायला आलेले असताना, तीन-चार जण मिळून राहतात त्या फ्लॅटात, आणि जिथे स्टँड उघडला की चालायला जागा उरत नाही तिथे.

दुसरी पायरी: टेप घेऊन किचनमध्ये उभे राहा

ब्रिटनमधल्या पूर्ण आकाराच्या ड्रायरची रुंदी ६० सेंटीमीटर आणि उंची ८५ सेंटीमीटर, हे जवळपास ठरलेलं. खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचं माप, मात्र मॉडेलप्रमाणे बदलते, आणि घोळ तिथेच होतो. ओटा ६० सेंटीमीटर खोल असतो. यंत्राच्या माहितीत ६० लिहिलेलं असलं तरी मागे प्लग, नळी आणि भिंतीवरचा पाइप यांना जागा लागते, पुढे दाराचा फुगवटा असतो. शेवटी यंत्र ओट्याच्या पाच-सात सेंटीमीटर पुढे येतं. दोन्ही बाजूंना कपाटं असलेल्या बोळकांडीसारख्या किचनमध्ये तेवढ्याने फ्रिजचं दार अडतं.

म्हणून चार मापं लिहून घ्या. ओट्याखालची मोकळी रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी, कारण जुन्या इमारतीत भिंती सरळ नसतात. ओट्याच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. भिंतीपासून ओट्याच्या पुढच्या कडेपर्यंतची खोली. आणि यंत्राचं दार पूर्ण उघडून समोर वाकता येईल का, तेही. घराचं मुख्य दार, जिना आणि लिफ्टही मोजा. हीट पंपाचं यंत्र ४५ ते ५० किलोचं असतं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ते कोण नेणार हे पैसे भरण्याआधी विचारायचं असतं.

खाली जागा नसेल तर वर बघा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनवर ड्रायर ठेवता येतो, मात्र दोन्हींच्या मापाला जुळणारा जोडणीचा संच घेऊनच. त्याशिवाय ठेवलं तर पिळताना वरचं यंत्र सरकत सरकत खाली येऊ शकतं. ड्रायर नेहमी वर, वॉशिंग मशीन खाली. उलट कधीच नाही. दोन्ही मिळून १७० सेंटीमीटर उंची होते, म्हणजे ओट्याच्या रांगेत हे बसत नाही. कोपरा किंवा उंच कपाटाची जागा लागते.

कपाटात ठेवायचं असेल तर एक नियम लक्षात ठेवा. कुलपाच्या, सरकत्या किंवा ड्रायरच्या दाराच्या उलट बाजूला बिजागरी असलेल्या दारामागे ड्रायर बसवू नये, असं जवळपास प्रत्येक माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, कारण दार पुरतं उघडलं पाहिजे आणि यंत्राला हवा मिळाली पाहिजे. बऱ्याच ड्रायरांचं दार डावीकडून उजवीकडे बदलता येतं. माहितीत तसं लिहिलंय का बघा. अडचणीच्या कोपऱ्यात याचा फार उपयोग होतो.

तिसरी पायरी: पाण्याचा मार्ग निवडा

व्हेंटेड ड्रायर ओलसर गरम हवा जाड नळीने सरळ घराबाहेर फेकतो. यंत्र साधं, बिघडायला फारसं काही नाही, आणि विकत घ्यायला सगळ्यात स्वस्त. पण भिंतीत सुमारे १० सेंटीमीटरचं भोक हवं. भाड्याच्या घरात त्यासाठी घरमालकाची लेखी परवानगी लागते आणि बहुतेक वेळा ती मिळत नाही. खिडकीतून नळी बाहेर काढता येते, पण मग डिसेंबरच्या संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून घर तापवायचं, यात काय साधलं? नळी किचनमध्येच सोडून देण्याची युक्ती काही लोक करतात. ती करू नका. अडीच लिटर वाफ थेट भिंतींवर जाते.

कंडेन्सर ड्रायर ती वाफ यंत्रातच थंड करून पाणी एका टाकीत गोळा करतो. भोक नको, परवानगी नको, कुठेही ठेवा. किंमतही व्हेंटेडपेक्षा फार जास्त नाही. पण वापरलेली सगळी उष्णता किचनमध्ये येते आणि थोडी वाफही निसटते, त्यामुळे खिडकी किंचित उघडी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवावा लागतो. टाकी प्रत्येक वेळी ओतायची. विजेला मात्र हा हावरट आहे.

हीट पंप ड्रायर पाणी टाकीतच गोळा करतो, पण आत फ्रिजसारखी यंत्रणा असते. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती पकडून पुढच्या हवेला परत देतो. त्यामुळे वीज निम्म्याहून कमी लागते, तापमान साधारण ५० अंशांच्या आसपास राहतं, आणि कपडे कमी आकसतात. वेळ मात्र जास्त: भरलेल्या धुण्याला अडीच-तीन तास धरून चाला. शिवाय थंड जागेत, म्हणजे गॅरेजमध्ये किंवा न तापवलेल्या काचेच्या खोलीत, हा नीट चालत नाही. किचन तापलेलं असतं, त्यामुळे आपल्याला ती अडचण नाही.

चौथा मार्ग म्हणजे वॉशर-ड्रायर, एकाच यंत्रात धुणं आणि वाळवणं. जागेचा प्रश्न एका झटक्यात सुटतो, म्हणून छोट्या फ्लॅटांत बिल्डरच तो बसवून देतात. पण धुण्याची क्षमता आठ किलो असेल तर वाळवण्याची पाचच असते, म्हणजे मधे उठून अर्धे कपडे काढावेच लागतात. बरीच मॉडेल्स वाफ थंड करायला नळाचं पाणीही वापरतात. आणि एक भाग बिघडला की दोन्ही कामं बंद. ६० सेंटीमीटरची एकच जागा असेल आणि वर ड्रायर ठेवण्यासारखी जागा नसेल तर हाच खरा पर्याय, नाहीतर मी यापासून लांबच राहीन.

आपल्या किचनपुरता एक खास मुद्दा. व्हेंटेड यंत्र खोलीतली हवा ओढून कपड्यांतून फिरवतं. शेजारी लसणाची फोडणी बसली असेल किंवा बोंबील तळले जात असतील, तर ऑफिसच्या शर्टला तो वास घट्ट चिकटतो. कंडेन्सर आणि हीट पंप कपड्यांतली हवा आतल्या आतच फिरवतात, म्हणून त्यांत हा त्रास बराच कमी. यंत्र कोणतंही असो, तळण आणि वाळवण एका वेळी नको.

चौथी पायरी: पाटीवरची किंमत आणि खरा खर्च

साधारण भाव असे धरा: छोटा तीन किलोचा व्हेंटेड दीडशे ते दोनशे पाउंड, पूर्ण आकाराचा व्हेंटेड दोनशेच्या पुढे, कंडेन्सर अडीचशेच्या आसपास, हीट पंप साडेतीनशेपासून, वॉशर-ड्रायर चारशेच्या घरात. नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेला आणि जानेवारीच्या सेलमध्ये हीट पंप तीनशेच्या जवळ येतो.

आता वीज. युरोपात अनेक वर्षं चाललेल्या जुन्या लेबलवर वर्षाला १६० वेळा यंत्र चालवल्याचा वापर छापलेला असतो; त्यात पूर्ण आणि अर्धं भरलेलं असे दोन्ही प्रकार धरलेले. आठ किलोच्या बी दर्जाच्या कंडेन्सरवर तो आकडा सुमारे ५६० युनिट दिसतो, ए प्लस प्लस दर्जाच्या हीट पंपावर सुमारे २३५. एका वेळेला भागलं तर साडेतीन युनिट विरुद्ध दीड. ऑफजेम या वीज-गॅस नियामकाच्या दरमर्यादेत २०२५ मध्ये विजेचा दर युनिटला साधारण २५ ते २७ पेन्स होता. २६ धरू: कंडेन्सरला एका वेळी ९१ पेन्स, हीट पंपाला ३९. फरक ५२ पेन्सचा.

हीट पंप दीडशे पाउंडांनी महाग असेल तर तो फरक भरून निघायला जवळपास २९० वेळा यंत्र चालवावं लागेल. लहान मुलं असलेलं घर, आठवड्याला चार धुणी, थंडी-पावसाचे तीस आठवडे, म्हणजे वर्षाला १२० वेळा. अडीच वर्षांत हिशेब फिटला आणि पुढे फायदाच. पण एकटा माणूस, हिवाळ्याचे २६ आठवडे आणि आठवड्याला एकच धुणं असेल, तर अकरा वर्षं लागतील. एवढी वर्षं ते यंत्र आणि तो भाड्याचा फ्लॅट दोन्ही राहतील असं मी तरी गृहीत धरणार नाही. म्हणून ‘हीट पंपच घ्या’ असा सरसकट सल्ला मला पटत नाही. स्वतःची धुणी मोजा आणि भागाकार करा. माझा अंदाज असा की वर्षाला शंभराच्या पुढे आकडा गेला की हीट पंप, चाळिसाच्या खाली असेल तर साधा कंडेन्सर किंवा डीह्युमिडिफायर. मधल्या लोकांनी सेलची वाट बघावी.

लेबलबद्दल एक सावधगिरी. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून ड्रायरांसाठी ए ते जी अशी नवी पट्टी आली आणि कार्यक्षमतेची अट इतकी कडक झाली की नवी यंत्रं व्यवहारात हीट पंपाचीच असतात. जुन्या पट्टीवर ए प्लस प्लस असलेलं यंत्र नव्या पट्टीवर बरंच खाली दिसू शकतं. त्यामुळे अक्षरांची तुलना करू नका, एका वेळच्या वाळवणीला किती युनिट लागतात तेवढं वाचा. नव्या लेबलवर १०० वेळांचा वापर छापतात, जुन्यावर वर्षाचा. भागाकार त्याप्रमाणे बदला.

रात्रीची वीज स्वस्त देणारा इकॉनॉमी सेव्हनसारखा दर तुमच्याकडे असेल तर मोह होईल की झोपताना ड्रायर लावावा. लंडन फायर ब्रिगेड नेमकं हेच करू नका म्हणते: घरात कोणी नसताना किंवा सगळे झोपलेले असताना ड्रायर चालवू नये. पहाटे लवकर उठणारं कोणी घरात असेल तर स्वस्त दराचे शेवटचे दोन-तीन तास साधता येतात. आई-बाबा आलेले असतील तर पाचला उठणारं माणूस घरात असतंच.

पाचवी पायरी: किती किलोचा आणि काय काय असलेला

क्षमता कोरड्या सुती कपड्यांच्या वजनावर मोजतात. अंगाचा मोठा टॉवेल अर्धा किलोच्या वर, जीन्स साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. तीन किलोच्या यंत्रात चार-पाच टॉवेल मावतील. सात किलोचं धुणं त्यात दोन-तीन खेपांत घालावं लागेल. एकट्यासाठी किंवा दोघांसाठी हे छोटं यंत्र वाईट नाही. साधारण ५० सेंटीमीटर रुंद असतं, वजनाला हलकं असतं, ओट्यावर किंवा भिंतीवर बसतं. मात्र ही बहुतेक व्हेंटेड असतात, म्हणजे भोकाचा प्रश्न परत आलाच. कुटुंबाला सात-आठ किलो पुरतात. नऊ-दहा किलोची यंत्रं बहुधा जास्त खोल असतात, आणि छोट्या किचनमध्ये तेच नको असतं.

ज्या सोयीसाठी मी पैसे देईन ती एकच: ओलावा ओळखणारा सेन्सर. नुसतं घड्याळ लावणारं यंत्र कपडे वाळले तरी फिरतच राहतं आणि वीज व कापड दोन्ही जाळतं. त्याखालोखाल, पाणी टाकीऐवजी थेट सांडपाण्याच्या पाइपात सोडणारी नळी. वॉशिंग मशीनचा पाइप शेजारीच असतो, जोडणी सोपी, आणि टाकी ओतायची कटकट संपते. हीट पंपात आतल्या जाळीपर्यंत हाताने पोहोचता येतं का तेही बघा. ‘आपोआप स्वच्छ होणारी’ जाळी ऐकायला छान वाटते, पण धूळ साचली तर उघडायला मार्गच नसतो. वायफाय आणि ॲपवर एक पेन्सही घालवू नका.

आवाज ६५ डेसिबलच्या आसपास असतो. किचन आणि हॉल एकच असेल तर टीव्ही बघताना तो जाणवतो, म्हणून त्याच किमतीत दोन मॉडेल्स असतील तर कमी आवाजाचं घ्या.

सहावी पायरी: प्लग आणि सॉकेट

ब्रिटिश प्लगमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे फार तर ३ किलोवॉट. कंडेन्सर किंवा व्हेंटेड ड्रायर दोन-अडीच किलोवॉट ओढतो, वॉशिंग मशीन पाणी तापवताना जवळपास तेवढंच. दोन्ही एका एक्स्टेन्शन बोर्डवर लावले तर प्लग वितळण्यापर्यंत वेळ येते. ड्रायरला भिंतीतला स्वतंत्र सॉकेट द्या. तसा सॉकेट नसेल आणि इलेक्ट्रिशियन बोलवायचा नसेल, तर हीट पंपाचा विचार जरूर करा: तो बहुधा एक किलोवॉटच्या आतच राहतो. तरीही एक्स्टेन्शन नकोच. चालू असताना प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर ताबडतोब बंद करा.

सातवी पायरी: कुठून घ्यायचा

ऑनलाइन घेतलं तर माल मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येतं, आणि २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे यंत्र सदोष निघालं तर पहिल्या ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. क्रेडिट कार्डाने १०० पाउंडांच्या वरची खरेदी केली तर दुकान बुडालं तरी बँकेकडे दाद मागता येते. हे हक्क फुकट आहेत. दुकानदार काउंटरवर जी जास्तीची वॉरंटी गळ्यात मारतो ती मात्र फुकट नसते, आणि अडीचशेच्या यंत्रावर सत्तर-ऐंशी पाउंडांची वॉरंटी घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. जॉन लुईससारखी काही दुकानं विजेच्या वस्तूंवर दोन वर्षांची हमी स्वतःहूनच देतात. यंत्र ज्या खोलीत हवं तिथपर्यंत आणून देणार की इमारतीच्या दारात सोडून जाणार, आणि जुनं यंत्र घेऊन जाणार का, हे ऑर्डरच्या आधी विचारा. एकूण किमतीत तेही धरा.

जुनं घ्यायचं असेल तर दोन वाटा. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या फर्निचर आणि इलेक्ट्रिकल दुकानांत विजेची सुरक्षा तपासलेली यंत्रं मिळतात. दुसरी वाट फेसबुक मार्केटप्लेस किंवा भारतात परतणाऱ्या कुटुंबाचं सामान. इथे मॉडेल नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि त्याला कारण आहे. व्हर्लपूल कंपनीच्या हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा, स्वॉन आणि प्रोलाइन या नावांच्या, २००४ ते २०१५ दरम्यान बनलेल्या अनेक ड्रायरांत धाग्यांची लव तापवणाऱ्या भागावर पडून आग लागण्याचा धोका होता. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुश भागातल्या एका उंच इमारतीत लागलेली आग अशाच एका ड्रायरमुळे लागली होती. सरकारच्या दबावानंतर जुलै २०१९ मध्ये दुरुस्त न झालेली यंत्रं परत मागवण्यात आली. दाराच्या आतल्या कडेला किंवा मागे मॉडेल नंबर असतो. तो टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. नंबरची पट्टी खरवडलेली असेल तर तिथून निघा.

आठवी पायरी: बसवणं आणि रोजचा वापर

हीट पंप यंत्र वाहतुकीत आडवं झालं असेल तर उभं करून पुस्तिकेत सांगितलेले तास थांबा आणि मगच चालू करा. फ्रिजसाठी आपण जे करतो तेच. यंत्र चारी पायांवर सपाट बसलं पाहिजे, मागे नळी चेपलेली नको, आणि पुढच्या जाळीसमोर कचऱ्याचा डबा किंवा कांद्या-बटाट्याची टोपली ठेवू नका. किचनमध्ये नेमकं तिथेच काहीतरी ठेवायची सवय असते.

लवेची जाळी दर वेळी साफ करायची. महिन्यातून एकदा कंडेन्सर किंवा हीट पंपाच्या पातळ पत्र्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढायची. पत्रे धारदार असतात, बोटं जपा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडात पाणी जड, म्हणजे क्षारांचं, आहे. ड्रमच्या आतल्या दोन धातूच्या पट्ट्या, म्हणजे सेन्सर, यांवर क्षारांचा आणि फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसला की यंत्राला ओले कपडे वाळलेले वाटतात आणि ते अर्ध्यावरच थांबतं. फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसल्या की बहुतेक वेळा काम भागतं. मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढं करून बघा.

काय घालायचं नाही: रेशमी साड्या, जरीचं काहीही, लोकरीचे स्वेटर, रबराचा तळ असलेल्या सतरंज्या. भारतातून आणलेले सुती कुर्ते पहिल्या वेळी आकसतात, म्हणून ते दोरीवर किंवा स्टँडवरच वाळवा.

आणि तेल. बाळाला रोज मालिश होत असेल, कोणी डोक्याला तेल लावून झोपत असेल, किंवा दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर घरभराचे टॉवेल आणि पंचे तेलकट झाले असतील, तर ते तेल साध्या धुण्याने पुरतं निघत नाही. ड्रायरच्या उष्णतेत कापडात उरलेल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन आपोआप तापमान वाढतं, आणि गरम कपड्यांचा ढीग तसाच पडला तर तो पेटूही शकतो. किचनमधल्या तेलकट फडक्यांचंही तेच. असे कपडे गरम पाण्यात जास्त पावडर घालून दोनदा धुवा, आणि तेलाचा वास येत असेल तर ड्रायरमध्ये घालूच नका. सगळ्याच कपड्यांच्या बाबतीत शेवटची दहा मिनिटं यंत्र गार हवेवर फिरतं, तेव्हा घाई करून ते मधेच बंद करू नका. करावंच लागलं तर कपडे लगेच बाहेर काढून पसरून ठेवा.